ही सूज लपवू नका, आणि आधी मिस्टरांची बीपीची गोळी बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत सांगते. तुमची मुलगी १५ वर्षांची, नववीत, तुम्ही भांडुपला राहता. गेली दोन वर्षं तिचा कधी हात सुजतो, कधी ओठ, आणि दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो. पोटात मुरडा आणि उलट्या होऊन दोनदा अ‍ॅडमिट झाली, एकदा तर अपेंडिक्स काढायचंच ठरलं होतं. आता रक्तात सी-फोर आणि सी-वन इनहिबिटर ही दोन प्रोटीन्स कमी आली, आणि डॉक्टरांनी हेरेडिटरी अँजिओएडिमा (एचएई), म्हणजे घराण्यातून येणारा सुजेचा आजार, असं नाव सांगितलं. तुम्ही विचारताय की यावर कायमचं औषध आहे का, पुढच्या वर्षीची दहावी कशी पार पडायची, आणि सासूबाई म्हणतात ‘मुलीची जात आहे, उद्या लग्न जमवायचंय, बाहेर कुठे बोलू नका’ ते ऐकायचं का.

आणि शेवटी जाता जाता तुम्ही दोन ओळी लिहिल्यात. सासरे चाळिशीत एका रात्रीत घसा बंद होऊन गेले, आणि मिस्टरांना ‘तसं काही नाही, फक्त बीपीची गोळी चालू आहे आणि अ‍ॅसिडिटीने कधीकधी पोट धरून पडतात.’ मी त्या दोन ओळींपाशीच अडकले. मुलीचं निदान झालंय, तिच्या रस्त्यावर दिवे लागलेत. तुमच्या घरात आज जास्त धोक्यात कोण आहे असं मला विचाराल तर मी मिस्टर म्हणेन. का ते सांगते.

मी फिजिशियन आहे, मुंबईतच प्रॅक्टिस करते, आणि गेली अठरा-एकोणीस वर्षं या आजाराचे पेशंट माझ्याकडे आहेत. फार नाहीत, आजारच दुर्मिळ आहे, साधारण ५०,००० माणसांत एक असं धरतात. पण एकाच घरातले तीन-तीन असतात त्यामुळे मी त्यांना पेशंट म्हणून कमी आणि घर म्हणून जास्त ओळखते.

आधी हा आजार काय ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्याकडे कुणाचं तोंड सुजलं की पहिलं वाक्य काय येतं, ‘पित्त उठलंय.’ आमसुलाचं पाणी लावतात, कोपऱ्यावरचे डॉक्टर अ‍ॅव्हिल-डेका ही अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं ठोकतात, आणि खरंच पित्त असेल तर तासाभरात उतरतं. ती सूज अ‍ॅलर्जीची, हिस्टामिनची. तिच्यात अंगावर गांधी उठतात, खाज येते. तुमच्या मुलीची सूज वेगळी आहे. खाज नाही, गांधी नाहीत, कातडी ताणल्यासारखी घट्ट होते आणि आतून ठणकते. ही ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याची सूज आहे. ते वाढलं की बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात आणि पाणी आजूबाजूच्या भागात साठतं. सी-वन इनहिबिटर हे प्रोटीन त्याला आवर घालतं, आणि तुमच्या मुलीत जन्मापासून तेच कमी बनतं. बिल्डिंगच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह खराब असला की कसं, एरवी कळत नाही, पण कधीतरी रात्री टाकी ओव्हरफ्लो होते आणि वरच्या मजल्याचं छत गळायला लागतं, तसं. मग अ‍ॅव्हिल, स्टेरॉइड, अगदी अ‍ॅड्रेनलिनसुद्धा दिलं तरी ते दुसऱ्याच टाकीचा नळ बंद करण्यासारखं आहे. इकडची गळती चालूच राहते.

पोटदुखीचंही तेच. आतड्याची भिंत सुजते म्हणून मुरडा, उलट्या, कधी बीपी उतरून चक्कर. अ‍ॅटॅक चालू असताना सोनोग्राफी केली तर पोटात पाणी दिसतं, दोन-तीन दिवसांनी परत केली तर ते पाणी गायब. माझ्याकडे एक गृहस्थ आहेत ज्यांच्या पोटावर दोन ऑपरेशनचे टाके आहेत आणि दोन्ही वेळा आत काहीच सापडलं नव्हतं. तुमच्या मुलीचं ऑपरेशन ऐनवेळी ज्या कुणी थांबवलं त्यांचे आभार माना. पण हेही लक्षात ठेवा की एचएईच्या पेशंटला खरं अपेंडिक्स होऊ शकतं, त्यामुळे ताप आला किंवा दुखणं नेहमीसारखं वाटलं नाही तर ‘तेच असेल’ म्हणून घरी बसू नका.

आता मिस्टर. हा आजार डॉमिनंट पद्धतीने उतरतो, म्हणजे आईवडलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता अर्धी-अर्धी, मुलगा-मुलगी असा फरक नाही. १८८८ साली विल्यम ऑस्लर यांनी हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं तेव्हा त्यांनी एकाच घराण्याच्या पाच पिढ्या मांडल्या होत्या. हा पिढी सोडत नाही. आजोबांना असेल आणि नातीला असेल तर मधल्या माणसात दोष असणारच, फक्त तो दिसेलच असं नाही. एकाच घरात एकाला महिन्यातून दोनदा सूज येते आणि दुसऱ्याला चाळिशीपर्यंत काहीच नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. अर्थात सासऱ्यांना हाच आजार होता असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही. चार-पाच पेशंटमागे एकात हा दोष नव्यानेच आलेला असतो, घरात आधी कुणालाच नसतो. तुमच्या मुलीचंही तसं असू शकेल. पण चाळिशीतला माणूस, रात्र, घसा बंद, आणि नातीचा असा रिपोर्ट, हे चार एका ओळीत ठेवले की मी तरी योगायोग मानून गप्प बसणार नाही. आणि ती ‘अ‍ॅसिडिटी’ही मला खटकते. अ‍ॅसिडिटीने माणूस जळजळ म्हणतो, आंबट ढेकर म्हणतो, महिन्या-दोन महिन्यांनी दोन दिवस पोट धरून पडत नाही.

आणि आता बीपीची गोळी. रामीप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ज्या ज्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं त्या गटातल्या गोळ्या शरीरात ब्रॅडिकायनिन मोडू देत नाहीत. बीपीला चांगल्या आहेत, लाखो लोक घेतात, काही होत नाही. पण ज्याचा व्हॉल्व्हच कमकुवत आहे त्याला ही गोळी म्हणजे टाकीचं आउटलेटही बंद करण्यासारखं आहे. आयुष्यभर शांत असलेला माणूस ती सुरू झाल्यावर पहिल्यांदा सुजतो, आणि सूज बऱ्याचदा जिभेला, घशालाच येते. डायबेटिसच्या ‘ग्लिप्टिन’ गटातल्या गोळ्यांचीही, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन वगैरे, थोडी तीच भानगड, विशेषतः ‘प्रिल’च्या जोडीला असतील तर. गोळी एकदम मनाने बंद करू नका, बीपी उसळेल, पण उद्याच्या उद्या त्यांच्या डॉक्टरांकडे मुलीचा रिपोर्ट घेऊन जा आणि सांगा की घरात हे निघालंय, गट बदलून द्या. अ‍ॅम्लोडिपिनसारखे पर्याय आहेत, पाच मिनिटांचं काम आहे.

मग मिस्टरांचं, मुलीला धाकटा भाऊ असेल तर त्याचं, आणि तिचे आत्या-काका असतील त्यांचंही रक्त तपासा. सी-फोर साध्या लॅबमध्ये होतं, स्वस्त आहे, आणि बहुतेक पेशंटमध्ये सूज नसतानाही कमी येतं. सी-वन इनहिबिटरचं प्रमाण आणि त्याचं काम या दोन वेगळ्या टेस्ट आहेत, कारण १०० पैकी १५ जणांत प्रमाण नॉर्मल असतं पण प्रोटीन कामाचं नसतं. कामाची टेस्ट नाजूक आहे, सॅम्पल नीट थंड राहिलं नाही तर चुकीचं कमी येतं, म्हणून मी एका रिपोर्टवर कधीच शिक्कामोर्तब करत नाही, दुसऱ्यांदा करायला लावते. तुमच्या मुलीचीही करा. परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे आणि जवळच वाडिया हॉस्पिटलमध्ये मुलांचा इम्युनॉलॉजी विभाग आहे, हा आजार ओळखणारी माणसं तिथे भेटतात. भांडुपहून गाडीने दादर, पुढे परळ, एवढंच अंतर आहे.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी नवरा डोळ्यांसमोर जाताना बघितलाय आणि बहुधा कुणीतरी त्यांना तेव्हा करणी, बाहेरचं, असलं काहीबाही ऐकवलंही असेल. नात बाजूला पडू नये म्हणून त्या बोलतायत. पण माझ्याकडे एक मुलगी होती, लग्नाआधीपासून माझी पेशंट. माहेरच्यांनी सासरी सांगायचं नाही असं ठरवलं. लग्नानंतर आठव्या महिन्यात अक्कलदाढ काढली, आणि रात्री अकराला जबड्याखाली सूज सुरू झाली. तिला कळत होतं काय होतंय, पण शेजारी झोपलेल्या नवऱ्याला काय सांगायचं हे तिला सुचेना, म्हणून ती पहाटे तीनपर्यंत गप्प राहिली. तोवर आवाज तोंडात घास धरून बोलावं तसा झाला होता. कॅज्युअल्टीत नवऱ्याने सांगितलं ‘अ‍ॅलर्जी झालीय’, कारण त्याला तेवढंच माहीत होतं. अ‍ॅव्हिल, हायड्रोकॉर्ट, परत अ‍ॅव्हिल. सकाळी सहाला गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागली. वाचली. तो नवरा नंतर माझ्यासमोर बसून एकच वाक्य परत परत म्हणत होता, ‘मला सांगितलं असतं तर मी अकरालाच निघालो असतो ना.’ त्याला आजाराचा राग नव्हता हो. आज त्यांना एक मुलगा आहे, आणि घरातलं इंजेक्शन तोच नवरा देतो.

दाताचं काम, घशात नळी घालून केलेलं ऑपरेशन, मार, ताप, परीक्षेचं टेन्शन, पाळी, यातल्या कशानेही अ‍ॅटॅक येऊ शकतो, आणि कधी कशानेच नाही, उगाच येतो. जवळपास निम्म्या पेशंटना आयुष्यात एकदा तरी घशाची सूज येते आणि ती कुणाला, कधी, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे ज्यांच्या हातात तिचा जीव असू शकतो त्या प्रत्येकाला माहीत हवं. सोसायटीत स्पीकर लावून सांगायची गरज नाही. पण क्लास टीचर, पीटीचे सर, जिच्याबरोबर ती ट्रेनने जाते ती मैत्रीण, दाताचे डॉक्टर, फॅमिली डॉक्टर, आणि पुढे ज्याच्याशी लग्न करेल तो, यांना सांगायचंच.

सांगायची सोय करून ठेवा, कारण घसा सुजल्यावर तिला बोलता येणार नाही. मी माझ्या प्रत्येक पेशंटला एक पानाचं पत्र देते, लेटरहेडवर, सहीशिक्क्याचं, आणि ते घडी करून ट्रेनच्या पासच्या कव्हरमध्ये ठेवायला लावते. मुंबईत माणूस पाकीट विसरेल, पास विसरत नाही. पत्रात आजाराचं नाव, रिपोर्टचे आकडे, ‘ही अ‍ॅलर्जी नाही, अ‍ॅड्रेनलिन-स्टेरॉइडवर थांबू नका’ हे ठळक, काय द्यायचं ते डोससकट, ब्लड ग्रुप, आणि दोन फोन नंबर. तुमच्या डॉक्टरांकडून हे लगेच मागून घ्या. मग घराजवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये दुपारच्या शांत वेळी स्वतः जा, कॅज्युअल्टीच्या इनचार्जना भेटा, पत्राची कॉपी द्या. यात लाजण्यासारखं काही नाही. मध्यरात्री ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने हा आजार पुस्तकात एकदा वाचलेला असतो, त्याच्या हातात कागद असला की त्यालाही धीर येतो.

औषधांचं आता. कायमचा बरा होत नाही, पण ताब्यात राहतो, आणि दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, आलेला अ‍ॅटॅक मोडणं आणि येणारे कमी करणं. मोडायला सी-वन इनहिबिटरचं कॉन्सन्ट्रेट सगळ्यात नेमकं, पण महाग आणि आपल्याकडे सहज हाताशी नसतं. इकॅटिबँट हे पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन आता आपल्याकडे मिळतं, मोठ्यांना ३० मिलिग्रॅम, मुलांना वजनावर, त्यामुळे तिचा डोस डॉक्टरच लिहून देतील. टोचलेली जागा लाल होते, चुरचुरते, घाबरू नका. पोट किंवा हात असेल तर घरी घेता येतं. घसा असेल तर घ्या आणि तरीही लगेच निघा, कारण उतार पडायला तास-दोन तास लागतात. ते २५ डिग्रीच्या वर ठेवायचं नसतं आणि मुंबईत मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा बत्तीस असतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि बाहेर जाताना थंड पाऊचमध्ये. खर्च आहे, खोटं कशाला सांगू. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी निदान एक इंजेक्शन फक्त घशासाठी राखून ठेवा असं मी सांगते.

इकॅटिबँट नसेल तेव्हा आपल्याकडे एफएफपी म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा देतात, मोठ्या माणसाला साधारण दोन पिशव्या. त्यात सी-वन इनहिबिटर असतं म्हणून चालतं. त्याच प्लाझ्मात ब्रॅडिकायनिन बनवणारा कच्चा मालही असतो, त्यामुळे क्वचित सूज आधी वाढते, म्हणून घशाच्या वेळी भूलतज्ज्ञ शेजारी असलेले बरे. ब्लड बँकेतून आणून वितळवायला वेळ जातो, म्हणून ब्लड ग्रुप पत्रात लिहायचा.

घशाची खूण कशी ओळखायची, तर तिला स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने म्हणायला सांगा. आवाज घोगरा किंवा जाड वाटला, थुंकी गिळताना अडखळली, घशात काही अडकल्यासारखं म्हणाली, तर निघायचं. बोटाला ऑक्सिमीटर लावून ९८ दिसतंय म्हणून थांबू नका, या सूजेत तो आकडा अगदी शेवटी पडतो. बहुतेक वेळा काही तास मिळतात, पण त्या भरवशावर मुंबईत राहता येत नाही. अनंत चतुर्दशीची रात्र असते, कुर्ला-सायनला पाणी भरलेलं असतं. अशा दिवशी शंका आली तरी आधी हॉस्पिटलच्या आवारात जाऊन बसा, काही झालं नाही तर चहा पिऊन परत या.

येणारे अ‍ॅटॅक कमी करायला मोठ्यांमध्ये डॅनाझोल वर्षानुवर्षं वापरलं गेलं. स्वस्त आहे आणि काम करतं, पण ते पुरुषी हार्मोनच्या जातीचं औषध आहे, चेहऱ्यावर लव, आवाज जाड, पाळी बिघडणं, लिव्हर आणि कोलेस्टेरॉलवर परिणाम. वाढत्या वयाच्या मुलीला मी ते सुरू करत नाही, आणि गरोदरपणात तर अजिबात चालत नाही. मिस्टरांना निघालं तर त्यांच्यासाठी विचार होऊ शकतो, कमीत कमी डोसमध्ये, दर सहा महिन्यांनी रक्त तपासून. मुलीसाठी ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडने सुरुवात करतात, त्याचा जोर कमी आहे, काहींना चांगला गुण येतो, काहींना काहीच नाही. बाहेर लॅनाडेलुमॅब २०१८ पासून, बेरोट्रालस्टॅटची कॅप्सूल २०२० पासून आहे, आणि २०२५ साली अमेरिकेत अ‍ॅटॅक मोडायची तोंडाने घ्यायची गोळीही मंजूर झाली. हे सगळं आपल्या खिशापर्यंत यायला वेळ लागेल, पण ती पंधरा वर्षांची आहे, तिच्या हयातीत येईल. रोजचं औषध लागेल का नाही हे अ‍ॅटॅक किती आणि कुठे यावर ठरतं, म्हणून एक वही करा, तारीख, जागा, पाळीचा दिवस, किती तास टिकला, एवढंच लिहा. तीन महिन्यांची ती वही मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची. पाळी अनियमित झाली की पीसीओडी म्हणून सर्रास इस्ट्रोजेनच्या गोळ्या लिहिल्या जातात. इस्ट्रोजेनने हा आजार भडकतो. तिच्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला पहिलं वाक्य हे सांगा. आणि दात काढायचा असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून प्लाझ्मा किंवा इतर काय द्यायचं ते ठरवल्याशिवाय खुर्चीत बसवू नका.

दहावीचं. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात अ‍ॅटॅक वाढले तर आश्चर्य मानू नका, आणि तिच्यावर ‘टेन्शन घेऊ नको’ असं ओरडूही नका, त्याने टेन्शनच वाढतं. शाळेतर्फे बोर्डाकडे वैद्यकीय पत्र आत्ताच, नववीतच द्या आणि लिहायचा हात सुजला तर काय सोय होते ते लेखी विचारून घ्या. पालथ्या पंजाला सूज आली की पेन धरताच येत नाही, मूठ वळत नाही, बघणाऱ्याला वाटतं नाटक करतेय. केंद्रावर पाऊच आणि पत्र न्यायची परवानगीही त्याच अर्जात मागा.

थोडक्यात, मुलीची टेस्ट परत करा, पत्र घ्या, एक इंजेक्शन घरात ठेवा, घरातल्या सगळ्यांचं सी-फोर करा. सासूबाईंशी बोलताना त्यांना एकदा शांतपणे विचारा की सासऱ्यांना आधी कधी हातपाय, ओठ सुजायचे का, पोट दुखायचं का. त्यांना बरंच आठवेल. इतकी वर्षं ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नसेल.

पण हे सगळं उद्यापासून. आज रात्री मिस्टर घरी आले की गोळ्यांची स्ट्रिप हातात घ्या, मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा आणि इथे लिहा. शेवटी ‘प्रिल’ असेल तर मी वाट बघतेय, लगेच उत्तर देईन.